‘शोकांतिका’ हा शब्द जरा फसवाच

इ.स.पू. ४९४ मध्ये इराण्यांनी आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचं मिलेटस हे ग्रीक शहर जिंकून उद्ध्वस्त केलं. अथेन्सचे या शहराशी जवळचे संबंध होते. पुढे फ्रिनिकस या नाटककाराने त्यावर नाटक रचलं आणि प्रयोगाला अख्खं प्रेक्षागृह ढसाढसा रडलं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, की अथेन्सकरांनी त्याला चक्क हजार ड्रॅक्मा दंड ठोठावला. कारण काय, तर घरचं दुखणं उकरून काढलं! नाटकावर बंदीही घातली.

रडवणं एवढंच शोकात्मिकेचं, म्हणजे ट्रॅजेडीचं, काम असतं, तर फ्रिनिकसला बक्षीस मिळायला हवं होतं. दुःख पाहायची तयारी लोकांची होती, पण जरा लांबून. हे अंतर इस्किलस या नाटककाराला बरोबर सापडलं. त्याच्या ‘पर्शियन्स’चा प्रयोग इ.स.पू. ४७२ चा. ग्रीकांनी इराण्यांना हरवलं त्या सलामिसच्या आरमारी लढाईला तेव्हा आठच वर्षं झाली होती. पण नाटक घडतं शत्रूच्या राजधानीत. दूत पराभवाची बातमी आणतो, राणी हादरते आणि शेवटी फाटक्या वस्त्रांतला इराणचा राजा झर्क्सिस म्हाताऱ्या सल्लागारांसोबत आक्रोश करतो. हे पाहायला त्या लढाईत लढलेले अथेन्सकरही बसले असणार. आज उपलब्ध असलेल्या ग्रीक शोकात्मिकांपैकी ताज्या इतिहासावरची ही एकच, बाकीच्या पुराणकथांवरच्या.

ट्रॅजेडीचा मूळ ग्रीक शब्द ‘ट्रॅगोडिया’, म्हणजे शब्दशः बोकडाचं गाणं. हा बोकड नेमका कुठला, यावर अभ्यासक अजून भांडतात. डायोनिसस देवाच्या उत्सवात या नाटकांची स्पर्धा लागे. अ‍ॅरिस्टॉटलच्या म्हणण्याप्रमाणे दुसरा नट इस्किलसने आणला, तिसरा सोफोक्लीसने. त्याआधी एक नट आणि कोरस (गाणारा-नाचणारा समूह), एवढाच संसार.

आता आपल्या शब्दाकडे येऊ. ‘शोकांतिका’ म्हटलं की शेवट वाईटच हवा, असं वाटतं. पण इस्किलसची ‘ओरेस्टिया’ ही नाट्यत्रयी (इ.स.पू. ४५८) खटला, निकाल आणि समेट यांवर संपते. युरिपिडीसच्या ‘हेलन’मध्ये तर नवरा-बायको सुखरूप निसटतात. तरी अथेन्सच्या लेखी या शोकात्मिकाच. अ‍ॅरिस्टॉटलही ‘काव्यशास्त्रा’त एका प्रकरणात दुःखान्ताची बाजू घेतो आणि पुढच्याच प्रकरणात, ऐन वेळी ओळख पटून घात टळतो त्या प्रसंगाला पहिला नंबर देतो. म्हणून मला शेवटाची अट न घालणारा ‘शोकात्मिका’ हा शब्द जास्त पटतो.

मध्ययुगीन युरोपात तर ‘ट्रॅजेडी’ म्हणजे थोरामोठ्यांच्या पतनाची गोष्ट, मग ती रंगमंचावर नसली तरी चाले. एलिझाबेथकालीन नाटककारांकडे हीच कल्पना वारशाने आली.

तरीही किती दुःख सोसायचं, हे प्रेक्षकच ठरवत राहिले. अथेन्सने दंड केला, लंडनने शेवटच बदलून घेतला. १६८१ मध्ये नाहम टेटने शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ नव्याने लिहिलं: राजा लिअर जगतो, त्याची मुलगी कॉर्डेलिया जगते, तिचं एडगर या सरदारपुत्राशी जमतं आणि विदूषक गायब! ही गोड आवृत्ती सुमारे दीडशे वर्षं चालली. मधे एडमंड कीन या नटाने १८२३ मध्ये मूळचा दुःखान्त करून पाहिला, पण तो टिकला नाही. अखेर १८३८ मध्ये मॅक्रेडी या नटाने विदूषकासकट शेक्सपिअरचं नाटक रंगमंचावर परत आणलं. विदूषकाची भूमिका केली प्रिसिला हॉर्टन या तरुण अभिनेत्रीने.