वसाहतकालीन अमेरिकेतील धर्म आणि बालशिक्षण

सतराव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या प्युरिटनपंथीयांनी, म्हणजे इंग्लंडमधल्या कडव्या प्रोटेस्टंट ख्रिस्त्यांनी, मुलांना वाचायला शिकवले ते मुख्यतः बायबलसाठी. देवाचे वचन ज्याने त्याने स्वतः वाचायचे, पाद्र्याचे नुसते ऐकून भागत नाही, ही त्यांची श्रद्धा. मॅसॅच्युसेट्समध्ये १६४२ च्या कायद्याने मुलांच्या वाचनाची आणि धर्मज्ञानाची जबाबदारी आईबापांवर व हाताखाली काम शिकणाऱ्या मुलांच्या मालकांवर टाकली. माणसाला धर्मग्रंथापासून दूर ठेवणे हा सैतानाचा जुनाच डाव आहे, असे बजावून १६४७ च्या कायद्याने ५० घरांच्या गावाला शिक्षक नेमणे आणि १०० घरांच्या गावाला लॅटिन शाळा काढणे बंधनकारक केले. कुचराईला ५ पौंड दंड होता.

मुलाच्या हाती पहिल्यांदा पडे ते ‘हॉर्नबुक’ : मूठ असलेली लहानशी लाकडी फळी, तिच्यावर एकच छापील कागद आणि तो मळू नये म्हणून वर शिंगाचा पारदर्शक पापुद्रा. मुळाक्षरे, जोडून वाचायची अक्षरे आणि लगेच खाली ख्रिस्ती प्रार्थना. पुढे, १६९० च्या सुमारास बॉस्टनमध्ये बेंजामिन हॅरिसने ‘न्यू इंग्लंड प्रायमर’ हे मुलांचे पहिले वाचनपुस्तक छापले. त्यात ‘ए’ शिकायचा तो ॲडमच्या, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या माणसाच्या, पतनाने आपण सगळेच पापी झालो, या यमकातून. दफनभूमीत माझ्याहूनही आखूड थडगी दिसतात, अशी कविताही मुले घोकत. आज हे वाचताना पोटात कालवते. पण ज्या घरांतून लहान मुले वरचेवर दगावत, तिथल्या आईबापांना मुलाच्या आत्म्याची चिंता उद्यावर टाकता येत नव्हती.

वाचन शिकवी ती बहुधा शेजारची एखादी बाई, घरकाम सांभाळून, स्वतःच्याच स्वयंपाकघरात. लेखन मात्र वेगळे. टाक तासणे, शाई करणे, वळणदार अक्षर काढणे ही व्यवहाराची विद्या. ती मास्तरांकडून आणि प्रामुख्याने मुलग्यांना मिळे. मोक्षासाठी वाचता येणे पुरेसे, मग मुलींना लिहायला कशाला शिकवायचे, असा हिशेब होता. त्यामुळे बायबल वाचणाऱ्या कित्येक बायका दस्तऐवजावर सहीऐवजी नुसती खूण करत.

दक्षिणेकडच्या वसाहतींत वस्ती विरळ होती. मळेवाले घरी शिक्षक ठेवत. गुलामांना ख्रिस्ती करण्यासाठी काही मिशनरी त्यांना वाचायला शिकवत. स्टोनो येथे गुलामांनी केलेल्या उठावानंतर, १७४० मध्ये, साउथ कॅरोलायनाने गुलामांना लिहायला शिकवणाऱ्यास १०० पौंड दंड ठरवला. वाचनाचा उल्लेख त्या कलमात नव्हता.