फिलिपिनो-अमेरिकन लो-बजेट सिनेमा : प्रेक्षकांचा प्रतिसाद

अमेरिकेत राहणाऱ्या फिलिपिनो लोकांच्या घरगुती जगण्यावर कमी पैशात निघालेले सिनेमे आणि ते बघून प्रेक्षक काय म्हणाले, याची ही नोंद. सिनेमे काढणारे बहुतेक त्याच समाजातले, पैसे स्वतःचे, नातेवाइकांचे नाहीतर छोट्यामोठ्या अनुदानांचे, आणि कलाकारांत ओळखीपाळखीच्यांचा भरणा. काळ मुख्यतः १९९५ च्या पुढचा. २०२० च्या जनगणनेत मिश्र वंशाचे धरून अमेरिकेत फिलिपिनो लोक ४४ लाखांच्या आसपास भरले, त्यामुळे प्रेक्षकच नाही असं म्हणायची सोय नाही, तरी रीतसर थिएटरला लागलेले यांचे सिनेमे अगदीच थोडे, आणि म्हणून जो एखादा लागतो त्याच्याकडून लोकांच्या अपेक्षा अवाच्या सवा असतात : त्यात आजी पाहिजे, चर्च पाहिजे, नर्स आई पाहिजे, नेव्हीतले वडील पाहिजेत, जेवण तर पाहिजेच, आणि एवढं सगळं असून तो रडवा नको.

प्रतिक्रिया कळतात त्या महोत्सवातली दाद, शोनंतरची प्रश्नोत्तरं, पेपरातली परीक्षणं, क्वचित एखादं जाहीर पत्र आणि एखाददुसऱ्या सिनेमाची तिकीटविक्री यांतून. न्यूयॉर्कचा आशियाई-अमेरिकन महोत्सव १९७८ पासून, लॉस एंजेलिसचा व्हिज्युअल कम्युनिकेशन्स या संस्थेचा महोत्सव १९८३ पासून, सॅन डिएगोचा २००० पासून. सॅन फ्रान्सिस्कोत आज काम-फेस्ट नावाने चालतो तो आहे आणि खास फिलिपिनो सिनेमासाठीचा फसीनेही आहे. मात्र इथल्या टाळ्यांवर फार विसंबू नये असं आमचं मत. हॉलमध्ये दिग्दर्शकाच्या मावश्या, कॉलेजचे मित्र आणि सिनेमात मागे उभं राहून गर्दी झालेली मंडळी बसलेली असतात, शाळेच्या गॅदरिंगला आपलं पोरगं स्टेजवर आलं की टाळी पडणारच, तसं ते. अनोळखी माणसाने खिशातून तिकीट काढलं की नाही हा पुरावा जास्त पक्का, आणि तो फार कमी सिनेमांचा मिळतो.

पहिला सिनेमा कुठला?

यावर अभ्यासकांत एकमत नाही आणि ते होईल असं दिसतही नाही, कारण प्रत्येकाची 'पहिला'ची व्याख्या वेगळी. काहीजण थेट १९३८ च्या सुमाराला जातात, त्यावेळी दोरोतेओ इनेस या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्याने 'अ फिलिपिनो इन अमेरिका' नावाचा लघुपट केला होता. काळ लक्षात घ्यायला हवा. १९३० च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिलला डान्स हॉलवरून दंगल पेटली, गोऱ्या जमावाने फिलिपिनो शेतमजुरांवर हल्ले केले, त्यात फेर्मिन तोबेरा हा तरुण मारला गेला. आणि १९३४ च्या कायद्याने फिलिपिन्समधून वर्षाला फक्त ५० माणसांना येऊ द्यायचं ठरलं. म्हणजे तेव्हाचा फिलिपिनो समाज बहुतांशी एकट्या पुरुषांचा, शेतावरच्या खोल्यांत राहणारा. त्यांनाच पुढे मनाँग म्हणायला लागले (इलोकानो भाषेत मोठ्या भावाला म्हणतात तसं). कुटुंबासकट सिनेमाला जाणारा प्रेक्षक तयार झाला तो १९६५ चा इमिग्रेशन कायदा आल्यावर, नर्सा, डॉक्टर, हिशेबनीस घरदार घेऊन यायला लागले तेव्हा. त्याआधीपासून नेव्हीत भरती झालेल्यांची घरं सॅन डिएगो आणि व्हर्जिनिया बीचकडे होतीच.

दुसरा दावा रॉड पुलिदोच्या 'द फ्लिप साइड'चा. हा ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा २००१ मध्ये स्वतंत्र सिनेमासाठी नावाजलेल्या सनडान्स महोत्सवाला दाखवला गेला आणि तिथे पोचलेला पहिला फिलिपिनो-अमेरिकन कथापट म्हणून त्याचा उल्लेख होतो. कॉलेजातून सुट्टीला घरी आलेल्या मुलाला अचानक आपली संस्कृती सापडलेली असते आणि तो लंगोट नेसून घरभर फिरतो, भावाला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू व्हायचंय, बहिणीला नाकाचं ऑपरेशन करून हवंय. तिसरा दावा जीन काहायोनच्या 'द डेब्यू'चा. हा महोत्सवांत २००० पासून दिसतो, थिएटरात २००१ च्या मार्चपासून, त्यामुळे साल कुठलं लिहायचं यावरूनही संदर्भग्रंथांत घोळ आहे. त्याची मुळं काहायोनच्या लोयोला मेरीमाउंट विद्यापीठातल्या विद्यार्थिदशेतल्या कामात असल्याने काहीजण तर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून मोजतात. आमचा कल असा की इनेसचा लघुपट पूर्वज मानावा, 'द फ्लिप साइड'ला महोत्सवाचा मान द्यावा, पण प्रेक्षकांच्या प्रतिसादाचा इतिहास लिहायचा तर तो 'द डेब्यू'पासूनच सुरू करावा लागतो.

'द डेब्यू' आणि गावोगाव फिरलेलं तिकीट

मुलगी अठरा वर्षांची झाली की मोठी पार्टी करतात, तो डेब्यू. सिनेमा बहुतेक त्या एका संध्याकाळीच घडतो. बेन मर्काडोला (दान्ते बास्को) चित्रकलेच्या शाळेत जायचंय, पोस्टात काम करणाऱ्या बापाला तो डॉक्टर व्हायला हवाय, आणि बहिणीच्या वाढदिवसाला सगळं गणगोत जमलेलं असताना ते उघड्यावर येतं. आपल्याकडच्या वाचकाला इतकं सांगितलं तरी पुढचं सगळं दिसेल. (त्याच २००१ साली अमेरिकेतल्या भारतीय पोरांवरचा 'अमेरिकन देसी' आला होता, तोही असाच स्वतःच्या पायावर थिएटरात उतरलेला.)

मोठ्या वितरकाने घेतला नाही, मग निर्मात्यांनी स्वतःच एकेका शहरात थिएटर धरायचं, आधी जाऊन चर्चमध्ये, कॉलेजच्या फिलिपिनो क्लबांत, जत्रांत, दुकानांबाहेर पत्रकं वाटायची, तिकिटं हातोहात विकायची आणि गर्दी ओसरली की पुढच्या गावाला निघायचं असा उद्योग बराच काळ केला. सुरुवात सॅन फ्रान्सिस्को बेच्या भागातून, आणि ते शहाणपणाचं होतं, शेजारच्या डेली सिटीत साधारण तिसरा माणूस फिलिपिनो. शेवटी कमाई १७ लाख डॉलरच्या पुढे गेली, सिनेमाचा खर्च मात्र १० लाखांच्या आतला असल्याचं सांगतात. हा आकडा हॉलीवूडच्या हिशेबात चिल्लर असला तरी घरोघर जाऊन मिळवलेल्या प्रेक्षकाचा आहे, म्हणून इथे त्याला वजन.

एकाच हॉलमध्ये तीन पिढ्या बसत आणि प्रत्येकीचं येण्याचं कारण निराळं होतं. म्हातारी माणसं आली ती मनिलाच्या नटांसाठी : बापाच्या भूमिकेत तिर्सो क्रूझ तिसरा (सत्तरच्या दशकात नोरा आउनोरबरोबरची त्याची जोडी तुफान चालली होती), आजोबा एडी गार्सिया, आई जीना अलाहार. पोरं आली दान्ते बास्कोसाठी, कारण १९९१ च्या 'हूक'मधला तो केसांत लाल पट्टे असलेला रुफिओ लहानपणी त्यांनी पाहिला होता आणि हा आपल्यातला आहे हे तेव्हापासून एकमेकांना सांगत होते. मधली पिढी अडकली बापापाशी. बेनचा बाप पोराला जसा दाबतो तसाच त्याचा बाप त्याला सगळ्यांदेखत दाबतो, आणि याचीही गाण्याबजावण्याची हौस तशीच मारली गेली होती हे कळतं, त्या प्रसंगापाशी सिनेमाची बाजू बदलते. पोरांचा सिनेमा म्हणून आलेल्या पालकांना तिथे आपला सिनेमा सापडला, असं आम्हाला वाटतं, आणि लोक आईवडिलांना घेऊन दुसऱ्यांदा का आले असतील याचं उत्तर बहुधा तेच.

बाहेरच्या समीक्षकांची तक्रार ठरलेली : गोष्ट ओळखीची, भांडणं टीव्ही मालिकेच्या वळणाची, शेवट गोड. तक्रार खोटी नाही. पण तिनिक्लिंगचा बांबूनाच, टर्नटेबल, नटवलेल्या जपानी गाड्या, पाहुण्यांच्या हातात बळंच दिलेली उरलेल्या जेवणाची ताटं, हे सगळं मोठ्या पडद्यावर पहिल्यांदाच बघणाऱ्याला गोष्ट ओळखीची असणं हाच माल होता. हा प्रेक्षक आधीच तयार झाला होता हेही विसरू नये. अमेरिकन विद्यापीठांत दरवर्षी होणाऱ्या पिलिपिनो कल्चरल नाइट नावाच्या लांबलचक कार्यक्रमांत अशाच घरगुती नाटुकल्यांवर हसायची आणि रडायची सवय त्यांना लागलेली होती.

'बेबोत' आणि जाहीर पत्र

कौतुक संपून हिशेब मागायला सुरुवात कधी झाली तर २००६ मध्ये, आणि निमित्त सिनेमाचं नव्हतं, गाण्याच्या व्हिडिओचं होतं. 'द डेब्यू'च्या टीममधला डेली सिटीचा पात्रिसियो हिनेल्सा याने ब्लॅक आइड पीज या अमेरिकन हिप-हॉप बँडच्या 'बेबोत' (बोलीभाषेत देखणी पोरगी) या टागालोग, म्हणजे फिलिपिन्सच्या मुख्य भाषेतल्या, गाण्याचे दोन व्हिडिओ केले. पहिला तीसच्या दशकातल्या कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनच्या मनाँगांवर, सूट घालून डान्स हॉलला जाणारे शेतमजूर वगैरे, तो लोकांना आवडला. दुसरा आजच्या पोरापोरींचा, पार्टी आणि तोकडे कपडे. यावर फिलिपिनो-अमेरिकन अभ्यासक आणि कार्यकर्त्यांनी, त्यात बायका पुढे होत्या, बँडचा गायक आणि दिग्दर्शक दोघांना जाहीर पत्र लिहिलं, की इतक्या वर्षांनी आपल्या हातात कॅमेरा आला आणि आपण आपल्या बाया अशाच दाखवणार का. दिग्दर्शकाने उत्तर दिलं, वाद बराच चालला. दोन्ही बाजूंचं म्हणणं वाचल्यावर आम्हाला पत्राची बाजू जड वाटते, जरी 'एकाच व्हिडिओवर अख्ख्या समाजाचं ओझं टाकू नका' हे उत्तरही पोकळ नाही. पत्र लिहिणारे परके नव्हते, घरचाच प्रेक्षक हिशेब मागत होता.

याच हिनेल्साने मित्रांना घेऊन डेली सिटीत व्हिडिओवर शूट केलेला 'लुम्पिया' (२००३) मात्र टीकेतून सुटला. नायक तळलेले लुम्पिया (आपल्या स्प्रिंग रोलचा भाऊ) शस्त्रासारखे फेकून मारतो, यावर कोण काय टीका करणार. आवाज खराब, अभिनय पोरांचा, आणि प्रेम त्या सगळ्यासकट. पुढचा भाग 'लुम्पिया विथ अ व्हेंजन्स' (२०२०) चाहत्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे टाकून उभा केला, हॉलीवूडचा नट डॅनी त्रेहोही त्यात आहे. प्रेक्षकानेच निर्माता व्हायचं याचं हे या नोंदीतलं सगळ्यात सरळ उदाहरण.

फसलेला आणि घाबरलेला प्रेक्षक

मार्लन फुएन्तेसचा 'बोंतोक युलॉजी' (१९९५) तासाभराचा, निवेदक सांगतो की माझे आजोबा मार्कोद १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात दाखवायला नेले ते परत आलेच नाहीत. प्रदर्शन खरं आहे, तिथे ४७ एकरांत फिलिपिनो गावं वसवली होती, हजाराच्या वर माणसं आणून ठेवली होती आणि इगोरोत (उत्तर फिलिपिन्सच्या डोंगराळ भागातले) लोक कुत्रं खातात हे बघायला झुंबड उडायची. मार्कोद मात्र रचलेला. जुन्या खऱ्या फिल्मा आणि नव्याने केलेले प्रसंग इतके बेमालूम मिसळलेत की शेवटच्या पाट्या नीट न वाचणारा माणूस सगळं खरं समजूनच उठतो, आणि कळल्यावर फसवलं म्हणतो. काही अभ्यासक म्हणतात की हा राग हाच सिनेमाचा हेतू, १९०४ च्या प्रेक्षकानेही समोर मांडलेल्या देखाव्यावर असाच डोळे मिटून विश्वास ठेवला होता. हे पटण्यासारखं आहे. पण ज्याने खरोखर आपल्या पणजोबाची आठवण काढून डोळे पुसले असतील त्याचा राग या युक्तिवादाने जात नाही.

'काविते' (२००५) सॅन डिएगोच्या इयान गामासोन आणि नील देला याना यांनी सुमारे ७ हजार डॉलरच्या आत केला असं सांगतात. अमेरिकेतून फिलिपिन्सला उतरलेल्या तरुणाला मुस्लीम अतिरेक्याचा फोन येतो, आई आणि बहीण आमच्या ताब्यात आहेत, सांगतो तसं चाल, आणि मग तो आवाज त्याला झोपडपट्ट्यांतून, कोंबड्यांच्या झुंजीतून फिरवतो, बालुत (आत पिल्लू तयार झालेलं उकडलेलं अंडं) खायला लावतो. हातातल्या कॅमेऱ्याने डोकं गरगरतं ही नेहमीची तक्रार. खोलवरची अस्वस्थता वेगळी होती. अमेरिकेत जन्मलेल्यांना आपल्याला टागालोग येत नाही, आपण तिथे पाहुणे आहोत हे फोनवरचा आवाज तोंडावर सांगतो ते झोंबलं. दुसरीकडे परक्यांना दाखवायला पुन्हा गरिबी आणि पुन्हा मुस्लीम अतिरेकीच का, हाही प्रश्न रास्त आहे. २००६ च्या इंडिपेंडंट स्पिरिट अवॉर्ड्समध्ये दोघा दिग्दर्शकांना 'समवन टू वॉच' पुरस्कार मिळाला.

नंतरचे सिनेमे

इसाबेल सांदोव्हालचा 'लिंग्वा फ्रँका' (२०१९) व्हेनिसला दाखवला गेला, मग नेटफ्लिक्सवर आला. ब्रुकलिनमध्ये म्हाताऱ्या बाईची देखभाल करणाऱ्या, कागदपत्रं नसलेल्या ट्रान्स बाईची गोष्ट, आणि घरी आईशी ती बोलते ते सेबुआनो या फिलिपिन्समधल्या दुसऱ्या भाषेत, टागालोगमध्ये नाही. डायान पारागासचा 'यलो रोझ' (२०१९) टेक्सासमधल्या कंट्री संगीतवेड्या मुलीचा, तो महोत्सवांत चालला पण थिएटरात आला २०२० च्या ऑक्टोबरात, ऐन कोविडमध्ये. दान्ते बास्कोने स्वतः दिग्दर्शित केलेला 'द फॅब्युलस फिलिपिनो ब्रदर्स' (२०२१), भावंडांना घेऊन केलेला. हे तिन्ही सिनेमे बहुतेकांनी घरी बसून पाहिले, त्यामुळे हॉलमधलं हसणं-रडणं नोंदवायचा मार्गच बंद झाला.

२०२२ मध्ये युनिव्हर्सलने विनोदवीर जो कॉयला घेऊन 'इस्टर संडे' काढला, डेली सिटीचंच घर, दिग्दर्शक जय चंद्रशेखर. हा लो-बजेट नाही, तुलनेपुरता घेतला. देशभर लागूनही तो खर्च भरून काढू शकला नाही, आणि तिकीट काढणं हे समाजाचं कर्तव्य आहे हे आवाहन 'द डेब्यू'सारखंच याही वेळी झालं. फरक एवढाच की तेव्हा ते चर्चबाहेर उभं राहून हातात पत्रक देत केलं होतं.