मुलांसाठी जवळपास काय काय आहे, आणि ते कुणाला विचारायचं

आमच्या केंद्रात येणारे बहुतेक पालक एखाद्या कागदासाठी येतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारमधली जन्मतारखेची दुरुस्ती. अर्ज भरून होईपर्यंत गप्पा होतात आणि त्यात खरी अडचण निघते. मूल तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही. दहावीतली मुलगी महिनाभर कुणाशी धड बोललेली नाही. घरातला कमावता माणूस गेला, आता दोन मुलांची शाळा कशी सांभाळायची. यातल्या बऱ्याच अडचणींसाठी सरकारी सोय आहे, ती फुकट आहे आणि तिचा पहिला दरवाजा अनेकदा घरापासून चालत जाण्याइतका जवळ असतो. तो कुठला, एवढंच माहीत नसतं. म्हणून महाराष्ट्रातल्या पालकांसाठी हे पत्रक.

एक आधीच सांगून ठेवतो: खाली लिहिलेल्या बहुतेक गोष्टींसाठी आमच्याकडे यायची गरज नाही. कागद कमी पडला तर जरूर या. पण अंगणवाडीत नाव घालून देतो, सरकारी दवाखान्यात नंबर लावून देतो, असं म्हणत कुणी पैसे मागितले, तर ते देऊ नका. आम्ही मागितले तरी देऊ नका.

योजनेचं नाव नको, मुलाचं वय सांगा

मोबाइलवर आलेला मेसेज दाखवून "ही नवीन योजना आपल्याला मिळेल का?" असं विचारणारे पुष्कळ असतात. योजनांची नावं बदलतात, दोन योजना एकत्र होतात, जुनी बंद होऊन नवी येते. मेसेज मात्र वर्षानुवर्षं फिरत राहतो. त्याच्या मागे धावण्यात दिवस जातात. त्यापेक्षा मुलाचं वय आणि अडचण या दोनच गोष्टी धरून चला. सहा वर्षांच्या आत असेल तर अंगणवाडी. सहाच्या पुढे शाळा. दहा ते एकोणीस या वयासाठी आरोग्य विभागाची वेगळी सोय आहे. आणि अठराच्या आतलं मूल संकटात असेल, तर वय-योजना काही न बघता थेट १०९८ या मदत क्रमांकावर फोन.

कुठल्याही टेबलासमोर उभे राहिलात की असं विचारा: "मूल अमुक वर्षांचं आहे, त्रास असा आहे. इथे काय मिळेल? आणि इथे होत नसेल तर पुढे कुणाकडे जायचं?" लोक पहिला प्रश्न विचारून परत येतात, दुसरा राहून जातो. खरं काम दुसऱ्या प्रश्नाने होतं, कारण या सगळ्या सेवा एकमेकींना जोडलेल्या आहेत. अंगणवाडीतून आरोग्य केंद्रात, तिथून जिल्हा रुग्णालयात असं पुढे पाठवण्याची त्यांची पद्धतच आहे. जमलं तर पुढच्या ठिकाणासाठी चिठ्ठी लिहून घ्या. चिठ्ठी हातात असली की तीच हकीकत पहिल्यापासून सांगावी लागत नाही.

सहा वर्षांच्या आत

अंगणवाडी म्हणजे खिचडीची शाळा, असा समज शहरात तर फारच पक्का आहे. प्रत्यक्षात २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेचं ते गावातलं, वस्तीतलं टोक आहे आणि तिथे उत्पन्नाची अट नाही. भाड्याने राहणाऱ्याचं मूलही चालतं, परगावाहून आलेल्याचंही. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि सहा वर्षांपर्यंतची मुलं यांची नोंद तिथे होते. तीन वर्षांखालच्या मुलाचा आहार घरी न्यायला मिळतो. तीन ते सहा वयाची मुलं तिथे बसतात, शिकतात, खातात.

आम्हाला विचाराल तर आहारापेक्षाही महत्त्वाचं काम म्हणजे दर महिन्याचं वजन. सेविका मुलाला काट्यावर ठेवते आणि तक्त्यावर एक ठिपका देते. मुलीचा तक्ता वेगळा, मुलाचा वेगळा. ठिपका हिरव्या पट्ट्यात पडला की लोक निर्धास्त होतात, पण नुसता आजचा ठिपका बघू नका. मागच्या तीन-चार महिन्यांचे ठिपके जोडून रेघ वर चालली आहे, आडवी झाली आहे की खाली वळली आहे, ते सेविकेला विचारा. हिरव्या पट्ट्यात असूनही रेघ आडवी होत असेल, तर विचारायची वेळ झाली.

लसीकरणाचं कार्ड, म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड, दुसऱ्या गावी गेलात तरी चालतं. राहिलेली लस तिथल्या आरोग्य केंद्रात मिळते. या कार्डाबाबत एक नेहमीची चूक आहे. दीड-दोन वर्षांचे डोस झाले की कार्ड ट्रंकेत जातं. पुढे पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान एक डोस असतो आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस असते. सरकारी केंद्रात तीही मोफत आहे. तुमचं मूल दहा वर्षांचं झालं असेल तर कार्ड आजच शोधून काढा.

मुलीच्या जन्मानंतरच्या लेक लाडकी योजनेचा अर्जही अंगणवाडी सेविकेमार्फतच जातो. १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेली मुलगी आणि घरात पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, या मुख्य अटी. जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,००० असे टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये मिळतात. बाकी अटी आणि लागणारे कागद सेविकेकडूनच समजून घ्या.

"बोलेल हळूहळू"

हे वाक्य घरातली मोठी माणसं प्रेमाने म्हणतात आणि त्यात मुलाची वर्षं जातात. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, बोलत होतं ते शब्द विसरायला लागलं असेल, तर आधी त्याचे कान तपासून घ्या. ऐकू येत नसेल तर बोलणार कसं?

यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, २०१३ पासून. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात येते. जन्मजात व्यंग, कमतरतेचे विकार, लहानपणचे आजार, वाढीतला उशीर या चार गोष्टी बघतात. डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा येतं. दुभंगलेला ओठ किंवा टाळू, वाकडी पावलं, हृदयातला जन्मजात दोष, मोतीबिंदू, बहिरेपण अशा गोष्टींसाठी पुढचे उपचारही या कार्यक्रमातून होतात. पथक कोणत्या तारखेला येणार, हे सेविकेला किंवा वर्गशिक्षकांना विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. ताप आहे म्हणून घरी ठेवलेलं मूल थेट पुढच्या फेरीला सापडतं.

खासगी शाळेतल्या मुलांकडे हे पथक येत नाही. त्यांनी जिल्हा रुग्णालयाच्या बालरोग विभागात जाऊन जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र विचारावं. कर्मचारी त्याला डीईआयसी म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा, पटकन दाखवतील.

अपंगत्व कायमचं आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. स्वमग्नता आणि शिकण्यातली विशिष्ट अक्षमताही त्यात येते, हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं. "शिक्का बसेल" या भीतीने काही जण कार्ड काढत नाहीत. आमचं मत विचाराल तर काढावं. कार्ड दाखवायचं की नाही ते तुमच्या हातात राहतं. परीक्षेतल्या सवलती, शिष्यवृत्ती, प्रवासाची सवलत हे सगळं मात्र कागदावरच चालतं.

शाळेच्या दारात अडवलं तर

सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते आठवीचं शिक्षण मोफत आहे. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. "शाळा सोडल्याचा दाखला आणा, मग बघू" हे उत्तर सरकारी किंवा अनुदानित शाळा देऊ शकत नाही. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवू नये, असं कायद्यात लिहिलेलं आहे. वयाचा पुरावा नाही म्हणूनही अडवता येत नाही. मधेच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाप्रमाणे वर्ग मिळायला हवा. हे तोंडी सांगून भागलं नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाने साधा अर्ज लिहा, त्याच्या प्रतीवर पोच घ्या.

याच कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांमध्ये दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांचे अर्ज ऑनलाइन भरतात आणि सोडत निघते. आर्थिक दुर्बल गटात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असावं लागतं. अनुसूचित जाती-जमातीच्या किंवा दिव्यांग मुलाला उत्पन्नाची अट नाही. मुदत जाहीर झाल्यावर दाखले काढायला धावलात तर उशीर होतो. मूल अडीच-तीन वर्षांचं असतानाच कागद तयार ठेवा.

दहा ते एकोणीस

या वयाची मुलं लहान मुलांच्या ओपीडीत बसायला लाजतात आणि मोठ्यांच्या रांगेत काही बोलत नाहीत. त्यांच्यासाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी वेगळं क्लिनिक चालतं. आपल्याकडे त्याला मैत्री क्लिनिक म्हणतात. पाळीच्या तक्रारी, मुरमं, वजन, व्यसन, वयात येतानाच्या शंका, मनावरचा ताण, सगळं तिथे बोलता येतं. मुलाला एकट्याला समुपदेशकाशी बोलू द्या. आई-बाप शेजारच्या खुर्चीवर असले की मूल "काही नाही, पोट दुखतं" एवढंच सांगतं.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी लोहाची असते. मुलीने ती घेतली का, हे कधीमधी विचारा. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, मग मुली ती दप्तराच्या खणात टाकतात. जेवणानंतर घ्यायची, एवढं सांगितलं की बहुधा भागतं.

मनाच्या त्रासासाठी टेली-मानस ही फोनवरची सरकारी सेवा, नंबर १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे, दिवसरात्र, फुकट आणि मराठीतूनही. फोन मुलानेच करायला हवा असं नाही. मुलाशी कसं बोलावं हे कळत नसेल, तर पालकांनीही करावा. मूल मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर "लक्ष वेधून घेतंय" असं म्हणून सोडून देऊ नका. त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या.

घरावर संकट आलं तर

१०९८ हा नंबर १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला. आता तो सरकारी यंत्रणेतून चालतो. हरवलेलं मूल, मारहाण, बालविवाह, कामाला जुंपलेलं मूल, लैंगिक त्रास, यातल्या कशासाठीही चोवीस तासांत केव्हाही फोन करता येतो. मूल तुमचं असायला हवं असं नाही. शेजारच्या घरातून रोज रात्री मुलाच्या रडण्याचा आवाज येत असेल, तरी करता येतो. लैंगिक अत्याचाराची माहिती असून ती न कळवणं हा २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

आई किंवा वडील वारले, दोघेही नाहीत, घर मोडलं, गंभीर आजारपण आलं, अशा घरातल्या अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. २०२३ च्या वाढीनंतर दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायचा. मंजुरी बाल कल्याण समिती देते. मृत्यूचा दाखला, मुलाची शाळेची नोंद, उत्पन्नाचा दाखला आणि बँक खातं ही तयारी आधी करा. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून सुतक संपलं की पहिल्या कामांत हे धरा.

घटस्फोट, पोटगी, मुलाचा ताबा यासाठी वकील परवडत नाही म्हणून बायका वर्षानुवर्षं गप्प बसतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार बाईला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय कुठे आहे ते विचारा, किंवा १५१०० ला फोन करा. नवऱ्याकडून मारहाण होत असेल तर १८१.

खेळ आणि पुस्तकं

तालुका क्रीडा संकुल, पालिकेचा तलाव, सार्वजनिक वाचनालय. तिन्हींची फी बाहेरच्या क्लासपेक्षा बरीच कमी असते, पण जाहिरात कुणी करत नाही. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात उन्हाळी शिबिरांची चौकशी मार्च-एप्रिलमध्येच करा. वाचनालयांना शासनाने अ, ब, क, ड असे वर्ग दिलेले असतात. वरच्या वर्गाच्या वाचनालयात बालविभाग असण्याची शक्यता जास्त.

खासगी शिबिरात घालताना फी शेवटी विचारा. आधी बघा की मूल कधी एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत राहणार आहे का, मुलींच्या गटाबरोबर बाई असते का, मुलाला न्यायला कोण येणार याची नोंद ठेवतात का. पालकांना मधेच येऊन बघायला मनाई असेल, तर तिथे घालू नका.

कागद

सगळीकडे लागणारी फाइल एकदाच करा. जन्मदाखला आधी बघा. त्यात बाळाचं नाव आहे की रकाना कोरा आहे? १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पुढे जन्मतारखेचा तोच पुरावा धरला जातो. नाव नोंदवायची मुदत पंधरा वर्षांची असते, पहिलं वर्ष विनाशुल्क. आधारचे ठसे मुलाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी पुन्हा द्यावे लागतात. ते राहिले की शिष्यवृत्तीचा अर्ज नेमका शेवटच्या दिवशी अडकतो. मुलाच्या नावाचं स्पेलिंग जन्मदाखला, आधार आणि शाळेत एकच आहे ना, हे आमच्या टेबलावर दोन मिनिटांत तपासून देतो. त्याचे पैसे घेत नाही.

दाखल्यांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू आहे. किती दिवसांत द्यायचा ते ठरलेलं असतं आणि तेवढ्या दिवसांत नाही मिळाला तर अपील करता येतं. अर्जाची पावती फाइलमध्येच लावा. अपिलात तिच्यावरचा क्रमांक लिहावा लागतो.