राजम्याचे अकरा दाणे

माझा भाचा दर रविवारी मराठी शाळेत जातो आणि ‘महाराष्ट्र’ हा शब्द हप्त्याहप्त्याने वाचतो. म, हा, रा... आणि ‘ष्ट्र’पाशी गाडी अडते. जन्म न्यू जर्सीतला, वय तेरा. शाळेच्या फुटबॉल संघात तो लाइनबॅकर आहे, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीमागे उभा राहून समोरच्यांना अडवणारा. फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, हेल्मेट घालून लांबट चेंडूने खेळायचा. पायाने खेळतात त्याला तिथे सॉकर म्हणतात. गेल्या हंगामात त्याची एकच तक्रार होती, “मामा, समोरचे उभे राहतात, आणि मला काही कळायच्या आत बॉल निघालेला असतो.” त्याच्या प्रशिक्षकांचं मत होतं की पोराची नजर मंद आहे.

नजर चांगली होती. मैदानावरही तो ‘महाराष्ट्र’सारखंच वाचत होता, एकेक अक्षर सुटं करून, अख्खा शब्द एका नजरेत न पकडता.

या फरकावरचा गाजलेला प्रयोग मात्र बुद्धिबळाच्या पटावर झाला. 1973 साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी एक मास्टर, एक बऱ्यापैकी खेळणारा आणि एक नवखा, अशा तिघांना खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला आणि तो आठवून मांडायला सांगितला. मास्टरने पहिल्या फटक्यात सोळाच्या आसपास मोहरे बरोबर ठेवले, नवख्याने चारेक. मग तेच मोहरे पटावर वाटेल तसे विखरून दाखवले, तर मास्टरची मिजास जवळजवळ उतरली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती काही अचाट नव्हती. त्याला सुटे मोहरे दिसतच नव्हते. ओळखीचे पुंजके दिसत होते, आणि एक पुंजका डोक्यात एकाच वस्तूइतकी जागा घेत होता. तिघांवरचा प्रयोग म्हणजे नमुना फारच लहान, हे खरं. पण पुढे इतर अनेक खेळांतही याच वळणाचे निष्कर्ष निघाले.

आता मैदानावर या. समोर अकरा जण. एका वेळी चारेक गोष्टींपेक्षा जास्त मनात धरणं मोठ्यांनाही जड जातं, तिथे अकरा कुठून मावणार? पण इथे नियमच मदतीला येतात. चेंडू जिथून खेळात येतो त्या रेषेमागे त्यांच्यातले चारपेक्षा जास्त जण उभे राहू शकत नाहीत. रेषेवर मधोमध जे पाच आडदांड उभे असतात (सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, त्यांच्या पलीकडे टॅकल), त्यांना पुढे फेकलेला पास झेलायची परवानगी नसते. त्यांच्या जर्सीवरचे आकडेही 50 ते 79 मधलेच. हे पाच आणि क्वार्टरबॅक (सेंटरकडून चेंडू घेऊन डाव चालवणारा) वगळला की उरले पाच. वाचायचे ते हे पाच.

ही वजाबाकी भाच्याला कोणी नीट करून दाखवली नव्हती. त्याच्या हातात समोरचा संघ कसकसा उभा राहतो याच्या चाळीसेक आकृत्यांची वही दिली होती, पाठ कर म्हणून. आम्ही जेवणाच्या टेबलावर राजम्याचे अकरा दाणे घेतले. सहा दाणे एकदाच मांडले आणि त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं. उरलेल्या पाचांचं फक्त एवढंच विचारायचं: डावीकडे किती, उजवीकडे किती, मागे किती? दोन-दोन असले तर ‘डबल्स’. एका बाजूला तीन असले तर ‘ट्रिप्स’. क्वार्टरबॅकच्या पाठीमागे दोघे एका ओळीत असले तर ‘आय’, कारण वरून पाहिलं तर इंग्रजी आय अक्षरासारखं दिसतं. न हलवायच्या दाण्यांत अपवाद एकच: क्वार्टरबॅक सेंटरला चिकटून न राहता पाचेक यार्ड मागे सरकला तर ‘शॉटगन’. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने 1960 मध्ये रूढ केलेली ही रचना आता शाळकरी पोरंही सर्रास वापरतात. चाळीस आकृत्या अशा पाच-सहा पुंजक्यांत बसल्या.

नाव ओळखून फायदा काय? विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1952 साली दाखवलं की समोर जितके पर्याय जास्त, तितका माणूस प्रतिसाद द्यायला जास्त वेळ घेतो. दोन रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे), दोन टाइट एंड (रेषेच्या टोकाला उभे राहून अडवणारे आणि पासही झेलणारे) आणि दूर उभा एकच रिसीव्हर (पास झेलणारा), अशी फौज थोडंच अंतर कापायचं असताना उतरली तर बहुधा चेंडू घेऊन पळतच घुसणार. पर्याय आधीच कमी केले की पाय लवकर हलतात. अर्थात हा ‘बहुधा’ फसवा आहे. समोरच्या प्रशिक्षकालाही तो ठाऊक असतो, आणि पळण्याचं सोंग करून पास फेकणं ही त्या खेळातली जुनीच लबाडी.

म्हणून चेंडू निघाल्यावर नजर क्वार्टरबॅकवर ठेवायची नाही. ती गार्डवर ठेवायची. मला या खेळातली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. क्वार्टरबॅक हातांनी हवं तेवढं खोटं बोलतो. गार्डला तेवढी मोकळीक नाही, कारण पास फेकला जाईपर्यंत त्याला रेषेच्या फार पुढे जाता येत नाही. व्यावसायिक खेळात एक यार्ड, कॉलेजात तीन. त्यामुळे मान खाली घालून तो पुढे घुसला तर समोरचे चेंडू घेऊन पळणार, हेल्मेट वर उठून तो मागे सरकला तर पास, आणि तो आडवा धावत सुटला तर चेंडूही बहुतेक तिकडेच. जमिनीवर टेकलेल्या हाताची बोटं भार पडून पांढरी दिसली तर तो पुढे झेपावणार, असंही जाणते सांगतात. भाच्याला मात्र पुढची पंधरा मिनिटं दुसरं काही दिसेना, फक्त बोटं.

सराव कसा करायचा, यात आम्ही एक चूक केली. आधी वीस वेळा ट्रिप्स, मग वीस वेळा डबल्स. त्याचं सगळं बरोबर यायचं आणि दोन दिवसांनी सगळं गुल. 1994 साली कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजच्या बेसबॉलपटूंवर असाच प्रयोग झाला होता. एका गटाला तीन प्रकारचे चेंडू प्रकारवार टाकले, दुसऱ्याला तेच चेंडू सरमिसळ करून. सहा आठवड्यांनी सरमिसळवाल्यांची फटकेबाजी दुसऱ्या गटापेक्षा दुपटीहून जास्त सुधारली होती. एकाच प्रकारचे चेंडू लागोपाठ आले की ‘हा कोणता?’ हा प्रश्नच पडत नाही, आणि सामन्यात तर तोच सोडवायचा असतो. मग मी दाणे मांडून वर ताट झाकू लागलो. ताट दोन सेकंद उचलायचं, परत झाकायचं, आणि त्याने नाव सांगून पुढची हालचाल बोलायची. ताई म्हणाली, हे काय, नंदीबैलाचा खेळ चाललाय का?

सप्टेंबरातल्या एका सामन्यात समोरचे दोन-दोन उभे राहिले. हा “डबल्स!” ओरडला. तेवढ्यात उजवीकडचा एक जण रेषेला समांतर चालत डावीकडे गेला; चेंडू निघण्यापूर्वी एकाला असं चालता येतं. मला बाकावरूनही ऐकू आलं, “ट्रिप्स, ट्रिप्स लेफ्ट!” चेंडू निघाला, गार्ड उजवीकडे आडवा धावला, हाही त्याच्याबरोबर उजवीकडे, अगदी बरोबर जागी पोहोचला, आणि त्या गार्डने त्याला उताणा पाडला. समोरचे सहा यार्ड पुढे गेले.

घरी आल्यावर बूट न काढताच तो टेबलाशी बसला आणि डब्यातून दाणे काढू लागला.