बेस हवा, तर आधी गादी बघा
इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी कमी खर्चात हेडफोन निवडताना

हेडफोन घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ड्रायव्हर, म्हणजे कपातला आवाज काढणारा छोटा स्पीकर, ४० मिमीचा की ५० मिमीचा? आमच्या मते त्याचा नंबर तिसरा-चौथा. आधी हे बघा, की गादी कानाभोवती सगळीकडून टेकते का?

कारण सोपे आहे. एवढासा ड्रायव्हर खोलीतल्या स्पीकरसारखी हवा ढकलू शकत नाही. कप, गादी आणि कान यांच्यात कोंडलेल्या थोड्याशा हवेवर तो दाब देतो, आणि त्या दाबामुळेच खर्ज ऐकू येतो. कुठे फट राहिली की दाब निसटतो, आणि त्यात सर्वांत खालचा खर्ज सर्वांत आधी जातो. चष्म्याची काडी, गादीखाली आलेले केस, कानामागे जबड्याजवळचा खळगा, यातले एखादे कारणही पुरते.

तपासायचे असेल तर बेसचे गाणे लावून दोन्ही कप तळव्यांनी अगदी हलके दाबा. बेस एकदम वाढला तर गळती आहे. फारसा फरक पडला नाही, तर गादी नीट बसली आहे. तरीही बेस कमी वाटत असेल तर त्या हेडफोनची घडणच तशी आहे. जोर लावू नका, जोराने दाबले तर जवळपास कुठलाही हेडफोन बेस वाढवून दाखवतो.

यातूनच प्रकार ठरतो. कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा म्हणजे क्लोज्ड-बॅक घ्या. जाळीच्या पाठीचे ओपन-बॅक मोकळे वाजतात, कानही कमी तापतात, पण स्वस्त ओपन-बॅकमध्ये खालचा खर्ज लवकर उतरतो. कानावर टेकणारे छोटे कप, म्हणजे ऑन-इअर, तासाभरात कानाची पाळी दुखवतात.

कुठला बेस?

२० ते ६० हर्ट्झ हा सब-बेस, तो ऐकू येण्यापेक्षा जाणवतो. ६० ते १२० मध्ये किक ड्रमचा धक्का असतो. १२० ते २५० मध्ये आवाजाला भरीवपणा येतो, आणि जास्त झाला तर गाणे डब्यात वाजल्यासारखे होते. खोक्यावर ‘एक्स्ट्रा बेस’ लिहिलेल्या स्वस्त हेडफोनांत बरेचदा हाच वरचा पट्टा फुगवलेला असतो. दुकानात दोन मिनिटे भारी वाटते, घरी तासाभराने डोके जड होते.

दोन ठोके ऐकून निवड करा. १९८० च्या रोलंड टीआर-८०८ ड्रम मशीनचा ठोका लांब रेंगाळतो. त्याची शेपटी शेवटपर्यंत ऐकू आली पाहिजे. १९८३ च्या टीआर-९०९ चा ठोका आखूड आणि टणक आहे. तो वाजून लगेच थांबला पाहिजे. ड्रम अँड बेस हा वेगवान प्रकार ऐकणाऱ्यांनी दुसऱ्या चाचणीला जास्त वजन द्यावे. १७४ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १७४ बीट असताना, एका बीटला जेमतेम ०.३४ सेकंद मिळतो. हाउस या प्रकारच्या संगीतात, १२८ बीपीएमला, ०.४७ सेकंद असतो, म्हणून थोडा सैल बेस तिथे खपून जातो.

खोक्यावरचे ‘१० ते २५,००० हर्ट्झ’ सोडून द्या. किती डेसिबलच्या फरकात, हे लिहिलेले नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. इम्पिडन्स, म्हणजे ओहममध्ये दिलेला विद्युत अडथळा, मात्र वाचा: फोन किंवा लॅपटॉपला थेट जोडायचा असेल तर १६ ते ३२ ओहम ठीक, २५० ओहमच्या हेडफोनला बहुधा वेगळा अ‍ॅम्प लागतो.

आराम

घट्टपणा, गादी आणि वजन, या क्रमाने बघा. गादीच्या आतल्या छिद्राची उंची तुमच्या कानापेक्षा कमी नको. पट्टी लावून कान मोजा, मोठ्या माणसाचा तो साधारण ६० मिमीच्या आसपास भरतो. छिद्र किती खोल आहे, हेही बघा. कानाची कड आतल्या जाळीला टेकत असेल तर गादी कितीही मऊ असली तरी अर्ध्या तासात दुखणारच. वजन २५० ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. ३०० च्या पुढे टाळूवर भार जाणवू लागतो.

नवा हेडफोन आवळत असेल तर डोक्यापेक्षा किंचित रुंद पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर चढवून ठेवा. हात लावून वाकवायचा मोह प्लॅस्टिकच्या पट्टीबाबत आवरा, ती तडकते. फार सैलही करू नका, कारण पकड गेली की बेसही गेला.

कृत्रिम चामड्याची गादी हवा छान अडवते, पण उकडते, आणि घाम व दमटपणामुळे तिचे पापुद्रे निघतात. मखमली गादी थंड राहते, पण तिच्यातून हवा झिरपते, म्हणून बेस उतरतो. आतून-बाहेरून चामडे आणि फक्त कानाला टेकणाऱ्या भागावर कापड, अशी मिश्र गादी मिळाली तर ती घ्या. चष्मा असेल तर मेमरी फोम निवडा, तो काडीभोवती बसतो. बदली गादी मूळ गादीच्याच जाडीची हवी. जाडी बदलली की कान आणि ड्रायव्हर यांतले अंतर बदलते आणि आवाजही.

वायर की ब्लूटूथ?

पैसे मोजके असतील तर वायर. त्याच किमतीत बॅटरी, चिप आणि माइकवर खर्च होत नाही. केबल सुटी होणारी असावी, कारण सगळ्यात आधी तीच मोडते. स्वतः संगीत करणाऱ्यांना तर ब्लूटूथ चालतच नाही: १२८ बीपीएमला एक सोळांश मात्रा, म्हणजे बीटचा चौथा भाग, ११७ मिलिसेकंदांची असते, आणि ब्लूटूथचा उशीर सहज तेवढा किंवा त्याहून जास्त होतो. बटण आत्ता दाबले आणि ठोका पुढच्या मात्रेवर, असे होते.

इक्वलायझर

फोनच्या किंवा लॅपटॉपच्या इक्वलायझरमध्ये १०० हर्ट्झला लो-शेल्फ (त्याखालचा सगळा खर्ज एकत्र वर-खाली करणारी सेटिंग) लावून ४ डेसिबल वाढवा आणि त्याच वेळी प्रीअ‍ॅम्प, म्हणजे एकूण आवाजाची पातळी, ४ डेसिबलने कमी करा. ही दुसरी पायरी लोक विसरतात, आणि मग जोराच्या ठोक्याला आवाज फाटतो. काहीही वाढवण्याआधी २०० हर्ट्झला २-३ डेसिबल कमी करून पाहा. पुष्कळदा तेवढ्यानेच खालचा खर्ज मोकळा होतो.

बेस जोरदार असला की आवाज चढवत नेला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४.

बिघाड वाटला तर

बेस आणि गायकाचा आवाज दोन्ही अचानक गायब, बाकी सारे पोकळ, असे झाले तर आधी पिन पूर्ण आत ढकला. पिन अर्धवट असली की ग्राउंडचा संपर्क तुटतो आणि दोन्ही बाजूंच्या आवाजातला फक्त फरक ऐकू येतो. बेस आणि गायकाचा आवाज बहुधा दोन्ही बाजूंना सारखेच असल्यामुळे ते कटतात. एकाच बाजूचा बेस कमी असेल तर त्या बाजूची गादी खाचेत पूर्ण बसली आहे का, हे बोट फिरवून पाहा. बेसच्या ठोक्यालाच खरखर येत असेल तर बहुधा ड्रायव्हरच्या पडद्याला केस टेकलेला असतो. गादी काढून हलकी फुंकर मारा, टाचणी घालू नका. आवाज येत-जात असेल तर केबल पिनेजवळ हलवून पाहा, आणि हेडफोन आमच्याकडे दुरुस्तीला आणताना ती केबल सोबत घेऊन या.