पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही

"मामा, फॅन फिरतायत, लाइट लागलेत, पण डिस्प्लेच येत नाहीये."

रविवारी सकाळी डोंबिवलीहून भाच्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज रडवेला झाला होता. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे, त्यात आईने घातलेली भर आणि लॅमिंग्टन रोडच्या दोन फेऱ्यांत आणलेले सुटे भाग, एवढ्या भांडवलावर त्याने शनिवारी रात्रभर बसून कॉम्प्युटर जोडला होता. बटण दाबलं की पंखे घुमायचे, रॅमवरचे, म्हणजे मेमरीच्या पट्ट्यांवरचे, रंगीत दिवे चमकायचे, मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'. मागून बहिणीचा आवाज आला, "दादा, दुकानदाराने खराब माल तर नाही ना रे दिला?"

"बटण दाबल्यावर किती वेळ वाट बघितलीस?" मी भाच्याला विचारलं.

"अर्धा मिनिट. मग बंद करून परत चालू केला. असं वीस-पंचवीस वेळा तरी केलं."

त्याच्या या उत्तरातच अर्धं निदान होतं. ते का, हे कळायला बटण दाबल्यानंतर आत काय काय घडतं ते पाहावं लागेल.

बटण दाबताच एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे सुरू करतो. ते स्थिरावले की साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांनी तो एका वेगळ्या तारेवरून मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटीला, 'वीज ठीक आहे' असा इशारा देतो. तोपर्यंत प्रोसेसरला रीसेटमध्ये, म्हणजे कामाला लागू न देता, धरून ठेवलेलं असतं. पंख्याला असल्या इशाऱ्याशी देणंघेणं नसतं, १२ व्होल्ट मिळाले की तो फिरायला लागतो. त्यामुळे फिरत्या पंख्यावरून एवढंच सिद्ध होतं, की १२ व्होल्ट येतायत. प्रोसेसर जागा झाला का, त्याला मेमरी सापडली का, यातलं काहीही पंखा सांगू शकत नाही.

प्रोसेसरची वीज तर वेगळ्याच केबलने येते. मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातलं चार किंवा आठ पिनांचं कनेक्टर, नवशिक्यांकडून हमखास विसरलं जाणारं. चोवीस पिनांची एवढी जाड केबल असताना ही आणखी कशाला, असा प्रश्न भाच्यानेही विचारला होता. हिशेब करून बघा. प्रोसेसर चालतो साधारण सव्वा व्होल्टवर. त्याला १०० वॅट हवे असतील तर ८० अँपिअर प्रवाह लागतो. आपल्या घरातल्या गीझरच्या सॉकेटची क्षमता १६ अँपिअर असते! एवढा प्रवाह लांबून केबलने आणणं परवडत नाही. म्हणून वीज १२ व्होल्टने थेट प्रोसेसरच्या शेजारी आणतात आणि तिथल्या सर्किटमध्ये व्होल्टेज उतरवून प्रवाह वाढवतात. ही केबल राहिली तर पंखे मजेत फिरतात आणि पडदा काळाच राहतो.

भाच्याने ती लावली होती. मग मी त्याला व्हिडिओ कॉलवर मदरबोर्डच्या कडेचे चार बारीक दिवे दाखवायला सांगितले. आजकालच्या बऱ्याच बोर्डांवर ते असतात, शेजारी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (डिस्प्ले), बूट (सिस्टिम सुरू होणं) अशी अक्षरं छापलेली. सुरुवातीची तपासणी जिथे अडते तिथला दिवा लागून राहतो. १९८१ सालच्या आयबीएम पीसीमध्ये हे काम स्पीकर करायचा. एक छोटा बीप म्हणजे सगळं ठीक, एक लांब आणि दोन छोटे म्हणजे डिस्प्लेची अडचण. हल्ली बऱ्याच कॅबिनेटमध्ये तो स्पीकर येतच नाही, त्यामुळे हे दिवे वाचायला शिकणं फार गरजेचं झालंय. भाच्याच्या बोर्डावर डीरॅमचा दिवा लागलेला होता.

आता इथे जरा थांबू, कारण नव्या मशिनांमधली सगळ्यात विलक्षण गोष्ट या दिव्यामागे घडत असते.

डीडीआर५ या पिढीच्या रॅमचा सुरुवातीचा वेग ४८०० मेगाट्रान्सफर, म्हणजे एका तारेवरून सेकंदाला ४८० कोटी बिट. एका बिटच्या वाट्याला सुमारे २०८ पिकोसेकंद येतात. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा पोकळीतून जेमतेम सहा सेंटिमीटर जातो. मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेषांमधून सिग्नल त्याच्या साधारण निम्म्या वेगाने जातो, म्हणजे तीनच सेंटिमीटर. रॅम प्रोसेसरपासून त्याहून लांब असते. त्यामुळे पहिला बिट पोचायच्या आत दुसरा वाटेला लागलेला असतो. अशा ६४ डेटा तारा एकेका चॅनेलला, म्हणजे प्रोसेसर ते रॅम या एकेका वाटेला, प्रत्येकीची लांबी केसभर वेगळी. एका मिलिमीटरच्या फरकानेही सहा-सात पिकोसेकंद इकडचे तिकडे होतात. वर तुम्ही कुठल्या कंपनीची रॅम बसवणार, हे कारखान्यात कुणालाच माहीत नसतं.

म्हणून पहिल्यांदा चालू होताना यंत्राला हे सगळं स्वतः मोजून घ्यावं लागतं. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. समजा, दोघी मुली दोरी फिरवतायत आणि तिसरीला आत शिरून उड्या मारायच्या आहेत. ती बाहेर उभी राहून मागेपुढे झुलत अंदाज घेते. लवकर शिरली तर दोरी अंगावर येते, उशीर झाला तर पायात. प्रोसेसरमधला मेमरी सांभाळणारा भाग, म्हणजे मेमरी कंट्रोलर, तेच करतो. ठरलेला नमुना रॅममध्ये लिहितो, परत वाचतो, वाचायचा क्षण थोडा अलीकडे घेतो, मग पलीकडे. कुठे चुका सुरू होतात त्या दोन्ही कडा शोधतो आणि बरोबर मध्यावर ठाण मांडतो. प्रत्येक तारेसाठी, लिहिण्यासाठी वेगळं, वाचण्यासाठी वेगळं. व्होल्टेजची पातळीही अशीच ठरते. याला वेळ लागतो. डीडीआर५ असलेल्या मशीनला, आणि विशेषतः एएमडी या प्रोसेसर कंपनीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांना, पहिल्या खेपेला काही मिनिटं लागू शकतात. रॅम जितकी जास्त, तितका जास्त वेळ.

या वेळात पडद्यावर 'कृपया थांबा' असं तरी का येऊ नये? कारण ती दोन अक्षरं काढायलाही चालू मेमरी लागते. एएमडीच्या प्रोसेसरमध्ये मुख्य कोअर, म्हणजे खरं काम करणारे भाग, उठण्याआधी आतलाच एक छोटा एआरएम प्रोसेसर जागा होतो आणि मेमरीचं काम उरकतो. चित्र काढणारं कुणी तेव्हा उठलेलंच नसतं. भाच्याने रात्रभर दर अर्ध्या मिनिटाला हे काम मध्येच तोडलं होतं आणि प्रत्येक वेळी काम पहिल्यापासून सुरू झालं होतं.

दुपारी मी डोंबिवलीला गेलो तेव्हा दुसरी एक गोष्ट दिसली. रॅमच्या दोन पट्ट्या पहिल्या आणि तिसऱ्या खाचेत होत्या. प्रोसेसरकडून मोजलं तर दोनच पट्ट्या असताना त्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात, मदरबोर्डच्या पुस्तिकेत हे चित्रासकट दिलेलं असतं. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर एका चॅनेलच्या तारा जवळच्या खाचेवरून पुढे लांबच्या खाचेपर्यंत जातात. पट्टी जवळच्या खाचेत बसवली तर पुढचं टोक मोकळं लोंबत राहतं. विहिरीत हाक मारली की आवाज तळावरून परत येतो, तसा सिग्नल त्या मोकळ्या टोकावर आपटून मागे फिरतो आणि मागून येणाऱ्या बिटांमध्ये मिसळतो. कमी वेगाला चालून जातं, वेग वाढला की वाचायचा तो मधला क्षण अरुंद होत जातो.

पट्ट्या काढून योग्य खाचांत बसवल्या. त्याच्या बोर्डावर खाचेच्या एकाच टोकाला कुलूप होतं, दुसरं टोक नुसतंच. अशा बोर्डावर एक बाजू वर राहिलेली पटकन कळत नाही. अंगठ्याने दोन्ही टोकं दाबून 'टक्' ऐकलं तरच खरं. नव्या रॅमच्या सोनेरी पिना खोडरबराने घासायची मात्र काही गरज नाही, तो मुलामा फार पातळ असतो.

दिवा सीपीयूवर अडकला असता तर मी आधी बायोस, म्हणजे बोर्डाच्या चिपमधला सुरुवातीचा प्रोग्राम, बघितला असता. २०१८ साली आलेले एएमडीसाठीचे बी४५० बोर्ड २०२० च्या शेवटी आलेल्या रायझन ५००० मालिकेच्या प्रोसेसरना ओळखत नाहीत, बायोस नवा घालेपर्यंत. काही बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस घालायची सोय असते. नाहीतर सॉकेटची वाकलेली पिन, टॉर्च धरून बघायची. व्हीजीएचा दिवा असेल तर ग्राफिक्स कार्डाची वेगळी वीज राहिली आहे का, ते पाहावं. आणि मॉनिटरची केबल कुठे लावली आहे, तेही. इंटेलच्या कोअर आय५-१२४००एफ सारख्या प्रोसेसरमध्ये, म्हणजे शेवटी 'एफ' असलेल्यांत, चित्र काढणारा भागच चालू नसतो. केबल मदरबोर्डला लावलीत तर जन्मात काही दिसणार नाही, ती कार्डालाच हवी. काहीच दिवा नसेल तर कॅबिनेटमधून सगळं काढून मदरबोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवून तपासावा, खालचा एखादा जादा स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड टेकवायचा धातूचा खुंट, शॉर्ट करत असू शकतो. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नका. केबल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर उरलेले असू शकतात.

भाच्याचा प्रोसेसर रायझन ५ ७६००, त्यात ग्राफिक्स आहे. म्हणून कार्ड काढून ठेवलं, केबल बोर्डाला लावली, सीएमओएस क्लिअर केला, म्हणजे बायोसची साठवलेली सेटिंग पुसली, आणि बटण दाबून मोबाइलवर टायमर लावला. एक मिनिट. डीरॅमचा दिवा तसाच. दोन मिनिटं. भाच्याचा हात दोनदा बटणाकडे गेला, दोनदा मी तो धरला. बहीण पोह्यांच्या बशा घेऊन दारातच उभी. तीन मिनिटं उलटल्यावर दिवा विझला, व्हीजीएचा क्षणभर लागून गेला, आणि पडद्यावर बोर्डाच्या कंपनीचं चिन्ह उमटलं. बायोसमध्ये दोन्ही पट्ट्या दिसत होत्या, वेग ४८००. बंद करून पुन्हा चालू केला तर वीसेक सेकंदांत पडदा उजळला, कारण मोजलेली मापं आता साठवलेली होती.

कार्ड परत बसवलं, केबल कार्डाला लावली. रॅमच्या खोक्यावर ६००० लिहिलेलं होतं, म्हणून भाच्याने बायोसमधून एक्स्पो, म्हणजे खोक्यावरचा वेग लावणारी सेटिंग, चालू केलं. वेग बदलला म्हणजे मापं नव्याने घेणं आलं. मशीन रीस्टार्ट झालं, पडदा काळा पडला आणि डीरॅमचा दिवा लागला.

"परत गेला का रे?" बहीण घाबरून म्हणाली.

"थांब आई," भाचा म्हणाला आणि हात मांडीवर ठेवून बसला. "ट्रेनिंग चाललंय."