प्राच्यवादी चर्चाविश्व आणि माध्यमे (कोल्हापूर)

पूर्वेकडचे समाज भावनाप्रधान, स्थितिशील आणि स्वतःचा कारभार हाकण्यास असमर्थ ठरवून त्यांच्याविषयी अंतिम निवाडा देण्याचा अधिकार पाश्चात्त्यांनी घेतला. या विचारव्यूहाला प्राच्यवादी चर्चाविश्व म्हणतात. त्याची गाजलेली मीमांसा पॅलेस्टिनी-अमेरिकी विचारवंत एडवर्ड सईद यांनी १९७८ मध्ये केली.

कोल्हापूर संस्थानात हा विचार थेट राज्यकारभारात उतरला. चौथे शिवाजी महाराज वेडे असल्याचे इंग्रज सरकारने ठरवले. त्यांचा छळ होत असल्याचे ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी छापले, तेव्हा दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या खासगी पत्रांच्या आधारे लेख लिहिले ती बनावट निघाली आणि १८८२ मध्ये ही वृत्तपत्रे चालवणाऱ्या टिळक-आगरकरांना चार महिन्यांची कैद झाली. महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत गेले. पत्रे खोटी असली तरी संशय अगदीच निराधार नव्हता, असे म्हणायला जागा उरते.

आज निवाड्याची जागा बदललेली दिसत नाही, निषेधाच्या सुरातही. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी घाटाची पायताणे दाखवली, पण उगमाचा उल्लेख केला नाही. समाजमाध्यमांवर गदारोळ उठला, पुढाऱ्यांनी निवेदने दिली, कंपनीने भारतीय प्रेरणा मान्य केली आणि जुलैमध्ये तिचे पथक कोल्हापुरात येऊन गेले. या काळात ‘आपली चप्पल मिलानला पोहोचली’ हा अभिमान आणि ‘आपली चप्पल चोरली’ हा संताप एकाच वेळी चालला होता. दोन्हींत मोजपट्टी मिलानचीच. लाखाच्या घरातील किमतीचे मथळे झाले. कातडे कमावणारी, वेणी घालणारी चर्मकार कुटुंबे मात्र बहुधा छायाचित्रापुरती आली. २०१९ च्या भौगोलिक मानांकनात (वस्तूला तिच्या मूळ प्रदेशाशी जोडणाऱ्या कायदेशीर नोंदीत) महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचेही चार जिल्हे आहेत, हे तर मराठी अस्मितेच्या भाषणांत जवळजवळ गळालेच.

वाघनखांच्या वादातही असेच घडले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि प्रथम साताऱ्यात ठेवली गेली. राज्य सरकारने शिवस्मृतीचा सोहळा केला. कोल्हापूरचे इतिहास संशोधक इंद्रजित सावंत यांनी ती शिवरायांचीच असल्याचा पुरावा नसल्याचे म्हटले. त्यासाठी त्यांनी दाखला दिला तो त्याच संग्रहालयाच्या पत्राचा.